झेंड्याच्या कट्ट्यावरचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही बाकी सगळं बोलले आणि हे तेवढं गिळलं — त्याला ठाऊकच असणार, कशाला उगाळायचं, असं म्हणून. आणि ज्या दोघींना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांच्या घरी मी अजूनही हक्कानं जाऊन जेवते. चुलीपुढं पाट ओढून बसते. वर आणखी ठेचा मागून घेते.

तुम्ही म्हणाल, मग आजच काय झालं?

सांगते. पण मला जरा फिरून यावं लागेल. सरळ आत शिरायचं धाडस असतं तर इतकी वर्षं लागली असती का?

मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर माझं तोंड चालू असतं — पुढं सरका, दारात गर्दी करू नका, आजीला बसू द्या, ओ दादा, ते पोतं उभं करा. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. डेपोत माझ्याशी कुणी वाद घालायला येत नाही. अशा बाईला एक वाक्य बोलता येऊ नये, याचं मलाच हसू येतं. हसू म्हणजे — येत नाही खरं तर.

झालं असं की आमच्या जोगदंडबाई निवृत्त झाल्या. गणित शिकवायच्या आम्हाला. त्यांच्या गौरव अंकासाठी जुन्या पोरापोरींकडून लेख मागवलेत आणि मला खास निरोप आला, की वैशाली, तू फोनची गोष्ट लिही. ती गोष्ट आमच्या शाळेत सगळ्यांना पाठ आहे. एक वाया चाललेली पोरगी होती, हेडमास्तर तिच्या हातात दाखला द्यायला निघाले होते, बाईंनी दाखल्याऐवजी तिच्या हातात स्वतःचा मोबाइल दिला आणि पोरगी सुधारली. निरोप समारंभात बाईंनी ती स्वतः सांगितली, माइकपुढं उभं राहून, नेहमीच्या हळू आवाजात. भरवसा टाकला की लेकरू उभं राहतं, म्हणाल्या. मग मला वर बोलावलं. टाळ्या झाल्या. मी गेले, फूल घेतलं, पाया पडले. पाया पडून उठताना बाईंच्या तोंडाकडं मात्र बघितलं नाही.

ती गोष्ट खोटी नाही हो. तिच्यात एक तुकडा तेवढा नाही.

आधी ती पोरगी कशी होती ते ऐका. माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होते. आण्णांनी — आम्ही वडिलांना आण्णा म्हणायचो — वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नवी आई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडायला कारण तरी मिळालं असतं. ते मिळालं नाही म्हणून मी बाकी सगळ्यांशी भांडले. वर्गात एका पोरानं नव्या आईवरून चिडवलं तर चप्पल काढून हाणली त्याला. पोरींचे डबे उचलून खाल्ले. शाळेच्या नावानं घरातून निघायचं आणि दिवसभर बोरीखाली बसायचं. कुणी मास्तर काही बोलले की तोंडावर विचारायचं, "कावून?" कावून उभी राहू, कावून वही दाखवू, कावून माफी मागू! आज माझ्याच गाडीत एखादी अशी पोरगी चढली तर मी तिला पुढच्या सीटवर बसवते आणि काही बोलत नाही. मला कळतं ना.

दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं कुलपात जातात. ऊसतोड. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि तान्ही पोरं घालून टोळ्या निघतात, पार सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकाकडं, आणि परततात ते उन्हाळा लागल्यावर. शाळेतली पोरं मागं उरतात. आमच्यासाठी शाळेतच दोन खोल्यांचं हंगामी वसतिगृह चालायचं. एका खोलीत पोरी, एकीत पोरं. बचत गटाच्या बाया भाकरी थापायच्या आणि या सगळ्या गोतावळ्याच्या धनीण जोगदंडबाई. पाटोद्यात त्यांचं स्वतःचं घर होतं, दार-खिडक्या असलेलं, पंखा असलेलं. ते सोडून हंगाम संपेपर्यंत त्या आमच्यात सतरंजीवर झोपायच्या. हे तेव्हा आम्हाला काही विशेष वाटायचं नाही. आता माझं स्वतःचं घर झालं, आता कळतं की ते काय होतं.

शाळेत रेंज एकाच जागी यायची. मैदानाच्या मधोमध, झेंड्याच्या कट्ट्यावर. एक पायरी खाली उतरलं की गेली. संध्याकाळी तिकडं ऊस भरून झाला की टोळीतली माणसं मुकादमाच्या मोबाइलपुढं उभी राहायची आणि इकडं बाईंचा फोन वाजायला लागायचा. एकेकाला दोन-चार शब्द, की पुढचा. इकडून उलटा फोन लावायची चैन नव्हती, मुकादम खेकसायचा. बाई त्या वेळी बारक्या पोरांचे पाढे घ्यायच्या, म्हणून कट्ट्यावर कुणीतरी बसावं लागायचं. फोन उचलायचा, कुणाची आई, कुणाचा बाप ते विचारायचं आणि नाव घेऊन हाक मारायची.

दहावीच्या वर्षी, टोळ्या निघाल्या त्याच आठवड्यात, मी एका पोरीच्या हातावर कंपास मारला. रक्त आलं. हेडमास्तर म्हणाले, बास झालं, हिचा दाखला काढा. मी ऑफिसबाहेर भिंतीला टेकून उभी होते आणि आतून बाईंचा आवाज येत होता. "राहू द्या सर, हिला मी कामाला लावते." बाहेर आल्या आणि पदराला खडूचे हात पुसत म्हणाल्या, उद्यापासून कट्ट्यावर तू बसायचं. मी म्हटलं, "कावून मी?" तर म्हणाल्या, "तुझा आवाज मोठा हाय ना."

बास, एवढंच. ना उपदेश, ना शपथ. मला वाटलं होतं बाई लक्ष ठेवतील, मधून मधून येऊन बघतील. एकदाही आल्या नाहीत. कुणाचा फोन आला, कुणाचा नाही, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यांनी दिला म्हणजे दिला.

आणि काय सांगू तुम्हाला — मी खरंच बदलले हो! चार वाजले की तोंड धुऊन, वेणी घालून कट्ट्यावर जाऊन बसायचे. बारकी पोरं माझ्याभोवती घुटमळायची, "वैशीताई, माझा आला का?" जन्मात पहिल्यांदा कुणी माझी वाट बघत होतं. ज्या पोरीला कंपास मारला होता, तिच्या आईचा फोन आला तर मी मैदान ओलांडून धावत तिला बोलवायला गेले. तिनं जखमेवर बांधलेल्या चिंधीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसली. बाईंचं काय चुकलं होतं? काही नाही. हे सगळं झालं होतं आणि खरं झालं होतं.

आता सारिका.

सारिका माझ्या वर्गातली. काडीसारखी पोरगी, गणितात पहिली, गणित सोडवताना नाकातल्या नाकात गुणगुणायची. मी वसतिगृहात आले तेव्हा सगळ्या पोरींनी माझ्यापासून अंथरुणं लांब टाकली. मधे ही मोठी मोकळी जागा. सारिका आली, तिनं जागा बघितली आणि सरळ त्या जागेत आपली वाकळ पसरली. म्हणाली, इथं वारं चांगलं येतं. वारं कसलं, थंडीचे दिवस होते.

तिची आई, गोदामावशी, आणि माझे आण्णा एकाच टोळीत. त्या टोळीतल्या बाकीच्यांची पोरं एक तर तान्ही, आईबरोबर गेलेली, नाही तर दुसऱ्या शाळेत. म्हणजे त्या टोळीचा फोन आला की तो आमच्या दोघींपैकीच कुणाचा तरी असायचा. आणि तो कायम सारिकाचा असायचा. गोदामावशी जवळजवळ रोज फोन करायची. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकात चढायचं, आणि तशीच उसाच्या पाल्यानं कापलेल्या हातांनी ती फोनपाशी येऊन उभी राहायची. आण्णा कधीच नाही.

आमच्या पोरांची एक रीत होती, ती तुम्हाला सांगायलाच हवी. कुणी घालून दिली ठाऊक नाही. जेवताना गोल बसायचं आणि ज्याचा फोन आला असेल त्यानं आपल्या आईबापाचा निरोप, ज्याचा आला नाही त्याला वाटून द्यायचा. भाकरीचा चतकोर द्यावा तसा. "माझ्या आईनं तुला पण विचारलंय हं, स्वेटर घालतो का म्हणून." आईनं विचारलेलं असो-नसो, द्यायचं. घेणाऱ्यालाही ठाऊक असायचं आणि तरी घ्यायचा. सारिका मला रोज द्यायची. आई म्हणाली वैशीला सांग, आई म्हणाली वैशी जेवती का. मी तोंड वाकडं करायचे आणि कान टवकारून ऐकायचे.

अर्धी आई तिनं मला अशीच, न मागता दिली होती. हे लक्षात ठेवा. माझ्या नंतर लक्षात राहिलं नाही.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. फोन वाजला, गोदामावशी. त्या दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "मावशी, आण्णा हायेत का तिथं?" ती म्हणाली, "हायेत की, हे काय शेजारीच. थांब हं." मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखला. मला आण्णांचं खोकणं ऐकू आलं. मावशीचं बोलणं ऐकू आलं, "लेक हाय तुमची, बोला की दोन शब्द." आणि मग आण्णांचा आवाज, "काय बोलायचं हाय? नंतर बोलतो म्हणावं."

मावशी भली बाई. परत फोनवर आली आणि मला म्हणाली, "ते जरा कामात हायेत गं बाई." मग म्हणाली, "सारिकाला दे."

सारिका नळाकडून येत होती. ताटं धुऊन आली होती, हात ओले होते, ओढणीला पुसत होती. कट्ट्याच्या पायऱ्यांपाशी आली आणि भुवया वर करून तिनं मला खुणेनंच विचारलं, माझा का?

मी तिच्याकडं पाठ फिरवली.

आणि फोनमधे म्हटलं, हळू आवाजात — एवढा मोठा आवाज ना माझा, त्या दिवशी बरोबर हळू निघाला — "मावशी, ती बोलत न्हाई म्हणती. रागावलीय तुमच्यावर. टाकून गेलात म्हणती."

तिकडून आवाज आला, "बरं. जेवती का म्हणावं?"

मी म्हटलं, जेवती. फोन ठेवला. वळून सारिकाला म्हणाले, दुसऱ्याच कुणाचा होता.

झालं. हेच ते. एवढंसं दिसतं ना? मलाही लिहिल्यावर एवढंसंच दिसतंय.

पण ते एका दिवसावर थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगू शकले असते, की मावशी, गंमत केली. बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मावशीनं विचारलं, "गेला का गं राग?" मी म्हटलं, न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनं सारिकाला दे म्हणणं सोडलं आणि मलाच विचारायला लागली. अभ्यास करती का, खोकला कमी झाला का, केसांना तेल लावती का. मी सांगायचे. मग तिला म्हटलं, मावशी, तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर शेवटी करत जा फोन, निवांत बोलता येईल. शेवटी म्हणजे, पोरं जेवायला आत गेल्यावर. बघा किती डोकं चाललं माझं! तेच डोकं गणितात चालत नव्हतं.

मग एके दिवशी ती म्हणाली, "आन तू गं? तू काय खाल्लंस आज?"

आई गेल्यापासून हे मला थेट कुणी विचारलं नव्हतं. वाटून आलेलं नव्हे, थेट. त्या दिवसापासून मी त्या फोनसाठी जगायला लागले. बीजगणिताचं एक गणित सुटलं, मावशीला सांगितलं. सराव चाचणीत पास झाले, मावशीला सांगितलं. ती "अगं बाई!" म्हणायची आणि मला दिवसभर पुरायचं. मी शहाणी झाले, अभ्यासाला लागले, भांडणं सोडली. बाई माझ्याकडं बघून खूश व्हायच्या. आणि खोलीत सारिका वाळत चालली होती.

"आला का गं?" ती रोज विचारायची. मी मान हलवायचे. "रेंज नसंल तिकडं," तीच मला समजावायची. मग विचारायचंही सोडलं तिनं. गुणगुणणं थांबलं. गणितं चुकायला लागली. भाकरी अर्धी टाकून उठायची. तेव्हा आमच्या पोरी कशा वागल्या म्हणून सांगू! कुणी तिच्या वाट्याचं पाणी भरलं, कुणी तिच्या वेण्या घातल्या. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी आपापल्या आया तिच्यापुढं ठेवल्या. माझ्या आईनं तुला विचारलंय, माझ्या आईनं तुला विचारलंय. त्या कंपासवाल्या पोरीनं तर आपल्या आईशी सारिकाला खरंच बोलायला लावलं, स्वतःच्या दोन शब्दांतला एक देऊन.

मीही वाटणी केली. काय दिलं मी, ऐका. तिच्याच आईचे शब्द आण्णांच्या नावावर खपवून तिला दिले. म्हटलं, आण्णांचा फोन आला होता, ते विचारत होते, सारिकाचा खोकला कमी झाला का. तिचा चेहरा असा उजळला! मला मिठी मारून म्हणाली, "बघ वैशे, म्हणले न्हवते का मी, तुझा बाप बोलंल म्हणून!"

तिला माझ्यासाठी आनंद झाला होता. स्वतःची आई हरवलेली आणि माझा बाप सापडला म्हणून ती हसत होती. आणि त्याच आठवड्यात तिनं मला बीजगणित पुरं शिकवलं. म्हणाली, तुझा बाप मला पण विचारतो, आता आपण दोघी सारख्याच, एकमेकींना धरून राहू.

त्या वेळी तरी बोलायला नको होतं का मी? होतं. नाही बोलले. बोलले असते तर फोन गेला असता, बाई गेल्या असत्या, मावशी गेली असती. एवढं सगळं पहिल्यांदाच हाती आलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. काय घडलं ते सांगते आहे.

एके सकाळी सारिकाची वाकळ घडी घातलेली दिसली आणि ती नव्हती. मला लगेच कळलं, ही आईकडं निघाली. कुठला कारखाना, कुठलं गाव, काही माहीत नसताना. मी बोंबलत बाईंकडं गेले. बाईंनी चप्पल सुद्धा घातली नाही. बाई पुढं, आम्ही सगळ्या पोरी मागं, फाट्यापर्यंत पळत. सारिका फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होती, दप्तरात एक ड्रेस आणि दोन भाकरी. बाई तिला रागावल्या नाहीत. तिथंच दगडावर बसल्या, तिला जवळ घेतलं आणि फाट्यावर रेंज होती म्हणून मुकादमाला फोन लावला. त्याला म्हणाल्या, "बाईंचा फोन हाय म्हणावं. सारिकाच्या आईला फडातनं बोलवा. मी थांबते."

आम्ही सगळ्या उभ्या. मी सगळ्यांच्या मागं सरकले. आता मावशी बोलेल, आता सगळं बाहेर येईल. पण आलं नाही. मावशी फोनवर येऊन नुसती "जेवलीस का गं, जेवलीस का गं" एवढंच म्हणत राहिली आणि सारिका नुसती रडत राहिली. मुकादमानं फोन परत घेतला. दोघींपैकी एकीनंही दुसरीला विचारलं नाही, की तू का बोलत नव्हतीस. दोघींनाही वाटलं, चूक आपलीच असणार.

आणि परतताना बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वैशालीनं सांगितलं म्हणून पोरगी सापडली, असं सगळ्यांना म्हणाल्या. बघा आता.

त्यानंतर फोन आला की मी सगळ्यात मोठ्यानं हाक मारायचे, "सारिके, फोन!" गावाच्या वेशीपर्यंत जाईल अशी. सारिका पुन्हा गुणगुणायला लागली. परीक्षा झाली. ती तालुक्यात झळकली, मी पास झाले, आणि माझ्यासारखीसाठी पास होणं म्हणजे दिवाळीच. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळ्या परत आल्या. गोदामावशीनं लेकीसाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. तशाच दुसऱ्या मला आणल्या होत्या. मी घातल्या.

पुढच्या हंगामाला मावशी गेली नाही. लेकीचं तोंड बंद झालतं, आता न्हाई जायचं, असं तिनं ठरवलं. गावात राहिली, शेळ्या पाळल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपलं, फार ओढगस्तीत दिवस काढले. सारिका नर्स झाली, बीडला असते. तिचं लेकरू चार वर्षांचं आहे आणि तिनं त्याला एक रात्र सुद्धा कुणाकडं ठेवलेलं नाही. आईला सकाळ-संध्याकाळ फोन करते. आईनं उचलला नाही की हिच्या तोंडचं पाणी पळतं, मग मला फोन, "वैशे, तुझी गाडी गावावरून जाती का गं? जरा बघ की." मी गाडी थांबवून बघून येते. मावशी शेळ्यांमागं गेलेली असते, फोन घरात.

कुणी म्हणेल, शेवट तर गोड झाला. मावशी ऊस तोडायची थांबली, पोरगी शिकली, तूही सुधारलीस. असं कुणी म्हणू नये. ते त्यांनी केलं, बाईंनी केलं, त्या पोरींनी केलं. माझ्या त्या वाक्यानं केलेलं नाही.

निरोप समारंभाला गोदामावशीही आली होती. पंगतीत माझ्या शेजारी बसली. बाईंचं भाषण तिनं ऐकलं होतं. ताटातली बुंदी माझ्या ताटात सरकवत म्हणाली, "त्या साली माझी सारिका माझ्याशी बोलत न्हवती बघ. बरुबर हुतं तिचं, मी टाकून गेलते. पण तू हुतीस म्हणून मला कळायचं, लेक जेवली का न्हाई. तुझे लई उपकार हायेत गं माझ्यावर."

मी ती बुंदी खाल्ली. उठले, हात धुतले, आणि मैदानात गेले. झेंड्याचा कट्टा आता नवा बांधलाय, फरशी लावलीय. तिथं उभी राहिले आणि ठरवलं, अंकासाठी मागितलेली गोष्ट लिहायची, पण पुरी लिहायची.

बाई, तुम्ही मला फोन दिलात, त्याचे उपकार मी फेडू शकणार नाही. तुमचा भरवसा वाया गेला नाही, असं मला म्हणायचं होतं. तेवढं म्हणता येत नाही. तुमच्यामुळं मी माणसांत आले, आणि त्याच फोनवर मी हे केलं. दोन्ही तुमच्यापुढं ठेवते. ज्या पोरींनी मला आपापल्या आया चतकोर-चतकोर वाटून दिल्या, त्यांचीही मी ऋणी आहे. सारिकानं तर अर्धी दिली होती. मी सगळीच घेतली.

गोदामावशीला वाचता येत नाही. हा अंक घरी आला की तिला सारिकाच वाचून दाखवील, मला ठाऊक आहे. म्हणून शेवटचं तिच्यासाठी सोपं लिहिते.

मावशी, तुमची सारिका तुमच्यावर कधी रागावली नव्हती. बोलत नाही, असं ती कधी म्हणाली नव्हती. ती कट्ट्याखाली उभी होती, ओले हात पुसत. मी तिला हाक मारली नाही.